आपोआप उतरलेला मिनी-स्ट्रोक: बाईच्या आणि पुरुषाच्या बाबतीत होणाऱ्या या चुका टाळा

सकाळचे साडेआठ. कोपरखैरण्यातल्या एका स्वयंपाकघरात पोळ्या चालू आहेत. उजव्या हातातलं लाटणं सुटतं. उचलायला जावं तर बोटं मिटत नाहीत. मुलाला हाक मारायची तर जीभ जड, शब्द अर्धाच बाहेर येतो. तव्यावरची पोळी करपते. सात-आठ मिनिटांत हात पूर्ववत होतो, पुढची पोळी लाटली जाते, डबे भरले जातात. संध्याकाळी दवाखान्यात ती सांगते, "सकाळी चक्कर आल्यासारखं झालं." केसपेपरवर चक्कर आणि अशक्तपणा अशी नोंद होते, पित्ताची आणि बी-१२ची गोळी मिळते. लाटणं सुटलं होतं हे ना कुणी विचारलं, ना तिने सांगितलं.

ही पित्ताची चक्कर नव्हती. ही टीआयए, म्हणजे मिनी-स्ट्रोकची लक्षणं आहेत. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा काही मिनिटं अडतो आणि कायमची इजा होण्याआधी सुरळीत होतो. बहुतेक झटके तासाभराच्या आत संपतात. पूर्वी "२४ तासांत बरं झालं तर टीआयए" अशी व्याख्या होती. २००९ पासून ती बदलली आहे: लक्षणं गेली आणि तपासणीत मेंदूची ताजी इजाही दिसली नाही, तरच टीआयए. बदलाचं कारण एमआरआय. लक्षणं पूर्ण गेलेल्या साधारण एक तृतीयांश लोकांत मेंदूवर ताजा डाग सापडतो. त्यांचा पूर्ण स्ट्रोक झालेला असतो, फक्त लहान.

"गेलं ना, मग झालं" ही सगळ्यात महाग चूक

लक्षणं गेली तरी रक्तपुरवठा अडवणारी रक्ताची गुठळी जिथून आली ती जागा तशीच असते. मानेच्या धमनीतला चरबीचा थर असेल, हृदयाचे अनियमित ठोके असतील, मेंदूतलीच अरुंद झालेली नळी असेल. जुन्या अभ्यासांत टीआयएनंतरच्या ९० दिवसांत दहापैकी साधारण एकाला मोठा स्ट्रोक आला होता आणि त्यातले जवळपास निम्मे पहिल्या दोन दिवसांत. ऑक्सफर्डच्या २००७ सालच्या अभ्यासात तपासणी आणि औषधं लगेच सुरू केल्यावर हा धोका १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आला. औषधं नेहमीचीच होती, ती लवकर सुरू झाली एवढाच फरक. म्हणून "सोमवारी ओपीडीत दाखवू" हा बेत करू नका. शनिवारी रात्री झटका आला तर शनिवारी रात्रीच कॅज्युअल्टीत जा.

पुरुषांकडून ही चूक एका ठरावीक पद्धतीने होते. लक्षण स्पष्ट असतं, हात लुळा पडलेला असतो किंवा तोंड वाकडं झालेलं असतं, पण ते "रात्री हात अंगाखाली आला", "एसीत मान आखडली" म्हणून झटकलं जातं आणि माणूस ठाणे-बेलापूर रोडवर स्वतः गाडी चालवत कामाला निघतो. बायका वेगळ्या रस्त्याने तिथेच पोचतात: सण आहे, पाहुणे आहेत, दाखवायला नंतर जाऊ.

"चक्कर" या शब्दावर थांबू नका

आपल्याकडे चक्कर या एका शब्दात किमान चार वेगळ्या गोष्टी मावतात. खोली गरगर फिरते ती चक्कर. उभं राहिल्यावर दोन्ही डोळ्यांपुढे अंधारी येते तीही चक्कर. चालताना एका बाजूला झोक जातो, तीसुद्धा. आणि नुसतं हलकं, पोकळ वाटणं, तेही चक्करच. मेंदूच्या दृष्टीने हे चार वेगळे प्रश्न आहेत. उपाशीपोटी उठताना आलेली अंधारी बहुधा रक्तदाबाची. अचानक आलेला झोक, सोबत एकाचे दोन दिसणं, गिळताना अडकणं किंवा बोलण्यात जडपणा असेल, तर मेंदूच्या मागच्या भागाच्या रक्तपुरवठ्याची शंका घ्यायलाच हवी.

"डोळ्यांपुढे अंधारी" आणि "एका डोळ्यावर पडदा" यांतही असाच गोंधळ होतो. वरून शटर उतरावं तसं एकाच डोळ्याचं दिसणं काही मिनिटं गेलं आणि परत आलं, तर तो डोळ्याच्या पडद्याचा टीआयए असू शकतो आणि मूळ अनेकदा त्याच बाजूच्या मानेच्या धमनीत असतं. असं पुन्हा झालं तर एक-एक डोळा झाकून पाहा. ही तपासणी दहा सेकंदांची आहे आणि तिचं उत्तर डॉक्टरांच्या फार उपयोगाचं असतं.

"मुंग्या", "बधिर", "जड" हे शब्दही सुटे करून विचारा. मुंग्या म्हणजे नसलेलं काही जाणवणं, बधिर म्हणजे असलेलं न जाणवणं, जड म्हणजे हलवायला जमत नाही. टीआयएत बहुधा काहीतरी जातं: ताकद, स्पर्श, दृष्टी, शब्द. आणि ते एकदम जातं. अर्धशिशीत उलट बहुधा काहीतरी वाढतं. नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, मुंग्या बोटांतून कोपराकडे आणि तिथून ओठाकडे पाच ते वीस मिनिटांत हळूहळू सरकतात. अर्धशिशी बायकांत बरीच जास्त असल्यामुळे त्यांचा टीआयए "मायग्रेन" म्हणून निकाली निघण्याचा धोकाही जास्त. जुनी अर्धशिशी असलेल्या बाईला एक प्रश्न जरूर विचारा: "हे नेहमीसारखंच होतं, की या वेळी काही निराळं?" निराळं असेल तर ते नवीन आजारासारखंच तपासायचं.

"बायकांची लक्षणं वेगळीच असतात" असं धरून चालणं

हे अर्धसत्य आहे आणि त्यातून दोन्हीकडून नुकसान होतं. काही अभ्यासांत बायकांनी गोंधळल्यासारखं होणं, डोकेदुखी, मळमळ, सगळ्या अंगाची अशक्तता अशा तक्रारी जास्त सांगितल्या. पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सौम्य किंवा तात्पुरत्या लक्षणांच्या रुग्णांवरच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात अशी "अवांतर" लक्षणं पुरुष आणि बायका जवळपास सारख्याच प्रमाणात सांगत होते. तरीही बायकांना स्ट्रोक किंवा टीआयएचं निदान कमी वेळा मिळालं. पुढच्या ९० दिवसांतला धोका मात्र दोघांचा सारखाच निघाला.

यातून आम्ही काढतो तो अर्थ असा: फरक शरीरात थोडा आहे, ऐकण्यात जास्त. मुख्य लक्षण बाईलाही तेच असतं, हात, तोंड, बोलणं, दृष्टी, तोल. ते तिच्या इतर तक्रारींच्या ढिगाखाली दबतं. सातपैकी सहा गोष्टी टेन्शनच्या वाटल्या की सातवीही टेन्शनमध्ये जमा होते. म्हणून तिची पहिली तक्रार लिहून थांबू नये. "हातातून काही पडलं का? शब्द सापडेना असं झालं का? चालताना एका बाजूला गेलात का?" हे तीन प्रश्न नाव घेऊन विचारावेत.

कॅज्युअल्टीत आणखी एक गोष्ट हमखास घडते. बाई स्ट्रेचरवर आणि हकिगत सांगतो नवरा किंवा मुलगा, जो तेव्हा घरात नव्हताच. "हिला बीपी आहे, उपास होता, दगदग झाली." तिला बोलता येत असेल तर आधी तिला बोलू द्या. पुरुषाच्या बाबतीत नेमकं उलटं करा. तो "काही नाही, ठीक आहे" म्हणेल, तेव्हा बायकोने काय पाहिलं ते विचारा.

पहिली दहा मिनिटं: काय करायचं, काय नाही

घड्याळ पाहा. दोन वेळा कागदावर लिहा: माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला आणि लक्षण कधी गेलं. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुदत साधारण साडेचार तासांची असते आणि ती पहिल्या वेळेपासून मोजतात. झोपेतून उठतानाच हात लुळा असेल तर वेळ रात्री झोपल्याची धरली जाते, उठल्याची नाही.

मोबाइलवर व्हिडिओ घ्या. दात दाखवायला सांगा. डोळे मिटून दोन्ही हात समोर, तळवे वर, दहा सेकंद धरायला सांगा. एक हात खाली घसरतो का, वळतो का ते टिपा. "वाशीला जायची लोकल कितीला आहे?" हे वाक्य म्हणायला सांगा आणि पेन, घड्याळ दाखवून नाव विचारा. रुग्णालयात पोचेपर्यंत सगळं गेलेलं असेल, तेव्हा हा वीस सेकंदांचा व्हिडिओ तासभराच्या वर्णनापेक्षा उपयोगी पडतो. ग्लुकोमीटर असेल तर साखर मोजा. साखर खूप उतरली तरी हुबेहूब अशीच लक्षणं येतात, विशेषतः इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांना.

आता न करायच्या गोष्टी. अॅस्पिरिन देऊ नका. छातीत दुखताना ती उपयोगी पडते, म्हणून इथेही दिली जाते. पण लक्षणं गुठळीमुळे आहेत की रक्तस्रावामुळे हे सीटी केल्याशिवाय कळत नाही आणि रक्तस्राव असेल तर गोळी घात करते. जिभेखाली ठेवायची कुठलीही गोळी नको. त्या वेळी वाढलेलं बीपी अनेकदा अडलेल्या नळीतून रक्त रेटत असतं. ते घरात एकदम पाडलं तर लहान झटका मोठा होतो. पाणी, चहा, लिंबू सरबतही नको. गिळणं बिघडलेलं असेल तर ते श्वासनलिकेत जातं. कांदा हुंगवणं, तळपायाला तेल चोळणं, दृष्ट काढणं यांनी अपाय होत नसेल, पण वेळ जातो. "अंगावरून वारं गेलं" असं म्हणणाऱ्या आजीचं निदान बरोबर असतं. चूक होते ती त्यानंतर मालिशवाल्याला बोलावण्यात.

१०८ ला फोन करा किंवा जवळची गाडी घ्या, पण रुग्णाने गाडी चालवायची नाही. घोडबंदर रोडवर कासारवडवलीहून संध्याकाळी सातला निघून तीन हात नाक्यापर्यंत किती वेळ लागतो, हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. म्हणून झटका येण्याआधीच, आज, आपल्या बाजूच्या दोन रुग्णालयांना फोन करून तीन गोष्टी विचारून ठेवा: सीटी चोवीस तास चालू असतं का, स्ट्रोकचं इंजेक्शन तिथे देतात का, न्यूरॉलॉजिस्ट रात्री येतात का. नंबर फ्रीजवर लावा. जवळच्या नर्सिंग होममध्ये आधी "दाखवून" मग पुढे जाण्यात तास जातो.

स्कॅनच्या बाबतीतल्या चुका

"सीटी नॉर्मल, म्हणजे काही नाही." टीआयएत सीटी बहुतेक वेळा नॉर्मलच येतं. ते रक्तस्राव नाही हे बघण्यासाठी असतं आणि ते काम ते उत्तम करतं. लहान ताज्या इजेसाठी एमआरआय लागतो आणि त्यातलाही डीडब्ल्यूआय हा भाग. रक्त अडल्याने इजा झालेली जागा डीडब्ल्यूआयवर पांढरी आणि सोबतच्या एडीसी नकाशावर काळी दिसते. दोन्हीकडे पांढरी दिसली तर ती बहुधा जुनी खूण, ताजा स्ट्रोक नव्हे. चिठ्ठीवर नुसतं "एमआरआय ब्रेन" न लिहिता स्ट्रोक प्रोटोकॉल, मेंदू आणि मानेच्या अँजिओग्राफीसह (म्हणजे रक्तनळ्यांच्या चित्रणासह), असं लिहून घ्या. नाहीतर नळ्या न बघताच माणूस घरी येतो आणि चार दिवसांनी पुन्हा मशीनमध्ये जातो.

उशीर करू नका. डीडब्ल्यूआयवरची ताजी खूण साधारण दोन आठवडे टिकते, नंतर फिकी होते. महिन्याने केलेला "नॉर्मल" एमआरआय त्या दिवसाबद्दल फारसं काही सांगत नाही. फार लवकर केलेल्याचीही एक अडचण आहे. मेंदूच्या मागच्या भागातली लहान इजा पहिल्या २४ ते ४८ तासांत डीडब्ल्यूआयवर दिसेलच असं नाही. तोल आणि दुहेरी दिसण्याची तक्रार ठाम असेल आणि पहिला स्कॅन कोरा असेल, तर पुन्हा स्कॅन करायचा का, हे न्यूरॉलॉजिस्टना विचारा.

इथे बाई-पुरुष फरक नीट समजून घ्या. कमी धोक्याचे वाटलेल्या १,०२८ रुग्णांच्या २०१९ मधल्या अभ्यासात १३.५ टक्क्यांना डीडब्ल्यूआयवर स्ट्रोक सापडला. जास्त वय, हाता-पायाची किंवा बोलण्याची लक्षणं आणि पुरुष असणं, यांत तो सापडण्याची शक्यता जास्त होती. याचा उलटा अर्थ काढणं ही चूक. बाईचा स्कॅन कोरा आला म्हणून तिचा झटका खोटा ठरत नाही. टीआयएच्या आजच्या व्याख्येतच कोरा स्कॅन आहे. हकिगत पक्की असेल तर नळ्या आणि हृदय तपासायलाच हवं.

दुसरी गफलत रिपोर्टमधल्या "स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस" या ओळीची. साठीनंतर मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात असे ठिपके कमी-जास्त प्रमाणात बहुतेकांत दिसतात, काही अभ्यासांत बायकांत जास्त. ते वर्षानुवर्षांच्या बीपीची खूण असतात, त्या सकाळच्या लाटण्याची नव्हे. "वयाचं आहे" म्हणून सगळंच त्यात ढकलू नका आणि "स्ट्रोक झालाय" म्हणून घाबरूही नका. डीडब्ल्यूआयबद्दल रिपोर्टमध्ये काय लिहिलंय, तेवढं आधी वाचा.

नुसता मानेचा डॉपलर, म्हणजे नळ्यांची सोनोग्राफी, हाही पुरत नाही. मानेच्या धमनीतला अडथळा पुरुषांत जास्त आढळतो. पण आपल्याकडे कवटीच्या आतल्या नळ्या अरुंद होण्याचं प्रमाण बरंच आहे आणि त्या मानेच्या डॉपलरवर दिसत नाहीत. तरुण बाई असेल तर दोन्ही हातांचं बीपी मोजायचा आग्रह धरा. मोठा फरक असेल किंवा एका मनगटाची नाडीच लागत नसेल, तर महाधमनीच्या फाट्यांची सूज, म्हणजे टाकायासू, हे कारण असू शकतं आणि मग अँजिओग्राफी छातीपासून करावी लागते. मानेत मोठा अडथळा निघाला आणि शस्त्रक्रिया ठरली, तर ती दोन आठवड्यांच्या आत व्हावी. उशिराने तिचा फायदा घटतो आणि बायकांत तो जास्त वेगाने घटतो.

आता टेबलावर जाण्याआधीचं. साडीच्या निऱ्यांची आणि पदराची पिन, अंबाड्यातले आकडे, गंगावनातली तार, ब्राची तार आणि हुक, नथ, मंगळसूत्र: यांतलं एक जरी राहिलं तरी स्कॅन थांबतो किंवा चित्र बिघडतं. डोक्याच्या स्कॅनमध्ये केसातला एक आकडा कपाळाचा अर्धा भाग काळा करतो. बोटात रुतलेली, वर्षानुवर्षं न काढलेली जोडवी असतील तर तंत्रज्ञांना आधी सांगा. चांदी लोहचुंबकाला चिकटत नाही, पण तापू शकते. सूज असेल तर साबण आणि दोरा लावून घरीच काढून या. पुरुषांचा करदोटा, हातातलं कडं, ताईत शर्टाखाली हमखास विसरतात. पेसमेकर, मेंदूतली जुनी क्लिप, कानातलं यंत्र, डोळ्यात कधी उडालेला धातूचा कण (रबाळे-महापेच्या कारखान्यांत ग्राइंडिंग करणाऱ्यांनी हे विसरू नये) फॉर्मवर लिहाच. कॉपर-टीमुळे सहसा अडत नाही, पण नोंद करा.

बाईला न विचारले जाणारे प्रश्न

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या चालू आहेत का? गणपती, लग्न, पूजा यांच्यासाठी दुकानातून थेट आणल्या जातात आणि "औषध" म्हणून त्या मोजल्याच जात नाहीत. त्यातल्या नॉरएथिस्टेरॉनचा मोठ्या डोसमध्ये काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका वाढतो. डोळ्यांपुढे चमक येणारी अर्धशिशी असेल, तर इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्याच नसतात. सोबत मशेरी किंवा सिगारेट असेल तर धोका आणखी वाढतो.

बाळंतपण गेल्या सहा आठवड्यांत झालंय का? या काळात मेंदूच्या शिरांत, म्हणजे रक्त बाहेर नेणाऱ्या नळ्यांत, गुठळी होऊ शकते. डोकेदुखी दिवसेंदिवस वाढते, दिसणं धूसर होतं, फिट येते, हात लुळा पडतो. पोट सुटेल म्हणून बाळंतिणीला पाणी कमी देण्याची जुनी रीत इथे थेट घातक ठरते. रक्त कमी असेल तर धोका आणखी. अशा वेळी साधा एमआरआय पुरत नाही, शिरांची व्हेनोग्राफी मागावी लागते. गरोदर बाईचा एमआरआय रंगद्रव्याचं इंजेक्शन न देता करता येतो. "पोटात बाळ आहे, नंतर करू" हे कारण होऊ देऊ नका.

घरी आल्यावर

पुढे स्ट्रोकचा धोका किती, हे पाहायला डॉक्टर एबीसीडी-टू गुण मोजतात: वय ६० किंवा जास्त १, बीपी १४०/९० किंवा वर १, एका बाजूची कमजोरी २ (नुसतं बोलणं बिघडलं तर १), लक्षणं तासभर किंवा जास्त टिकली तर २, दहा ते एकोणसाठ मिनिटं १, मधुमेह १. चार किंवा जास्त गुण म्हणजे धोका मोठा. कमी गुण म्हणजे सुट्टी नव्हे, कारण अनियमित ठोके आणि मानेतला अडथळा या गुणांत मोजलेलाच नाही. एक ईसीजी सरळ आला तरी ठोके अधूनमधून बिघडत असू शकतात, म्हणून होल्टर, म्हणजे सलग ठोके नोंदणारं यंत्र, लावतात.

मोठ्या धोक्याच्या टीआयएत अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी रोखणाऱ्या दोन्ही गोळ्या साधारण २१ दिवस देतात, मग एकच चालू ठेवतात. चुका दोन्हीकडे होतात. कुणी एकविसाव्या दिवशी दोन्ही बंद करतं, कुणी जुन्या चिठ्ठीवर दोन्ही वर्षभर आणत राहतं आणि मग पोटात रक्तस्राव होतो. चिठ्ठीवर "यातली कुठली, कोणत्या तारखेला थांबवायची" हे डॉक्टरांकडून तारखेसह लिहून घ्या. दात काढायचा म्हणून पुरुष गोळी परस्पर सोडतात. आधी न्यूरॉलॉजिस्टना विचारा, बहुतेक वेळा सोडावी लागत नाही. बायकांत गोळी सुटण्याचं कारण बरेचदा पाळी असते. रक्तस्राव वाढतो, लाजेने कुणाला सांगितलं जात नाही आणि पाच दिवस गोळी डब्यातच राहते. पॅड तासा-दोन तासांनी बदलावं लागत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, हिमोग्लोबिन बघून घ्या. त्यावर उपाय आहेत, पण ते इस्ट्रोजेनच्या किंवा नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्यांशिवायचे हवेत. म्हणून टीआयएची फाइल तिथेही सोबत न्या.